इस्तंबूल करार आणि डिपेंडंट व्हिसावर आलेल्या आपल्या मुली: युरोपातल्या मराठी मंडळांना खुलं पत्र

प्रति,
युरोपातल्या सगळ्या मराठी मंडळांचे अध्यक्ष, कार्यकारिणीतले सभासद आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचे अ‍ॅडमिन,

सप्रेम नमस्कार.

मंडळी, मी जर्मनीत राहते, आले तेव्हा डिपेंडंट व्हिसावरच आले होते, आता नोकरी करते आणि इथल्या मंडळाची सभासद आहे. हे पत्र एका कुठल्या मंडळाला नाहीये, सगळ्यांना आहे, कारण जे म्हणायचंय ते लंडन, डब्लिन, म्युनिक, अ‍ॅमस्टरडॅम, वॉर्सा सगळीकडे सारखंच लागू आहे. गेली काही वर्षं युरोपात बायकांच्या हक्कांविरुद्ध जी लाट उठलीये तिच्याबद्दल आपल्या ग्रुपवर एक तर कोणी बोलतच नाही, नाहीतर "ते त्यांचं राजकारण, आपण पाहुणे, आपण कशाला मधे पडायचं" म्हणून विषय बंद होतो, आणि तिसरं म्हणजे "फेमिनिझममुळे युरोपातली कुटुंबं बुडाली" असले व्हिडिओ फिरत राहतात. मला सांगायचंय ते हे की या विषयात आपण पाहुणे नाही. बायकांवरची हिंसा रोखायला केलेला जो इस्तंबूल करार मोडायला या लाटेतले लोक निघालेत त्यात नवऱ्याच्या व्हिसावर परदेशात आलेल्या बायकांसाठी एक आख्खं कलम आहे, म्हणजे सरळसरळ आपल्या मुलींसाठी, आणि ते कलम वाचवायला आपल्यातलं कोणीच उभं नाही.

आधी तो करार काय आहे ते सांगते, कारण बऱ्याच जणांना नाव ऐकून तो तुर्कस्तानचा काहीतरी मामला वाटतो. इस्तंबूल कन्व्हेन्शन म्हणतात कारण ११ मे २०११ ला तो इस्तंबूलमध्ये सह्यांसाठी खुला झाला. तो युरोपियन युनियनचा नाही, काउन्सिल ऑफ युरोपचा आहे, ज्यात तुर्कस्तान आणि युकेसारखे युनियनबाहेरचे देशही आहेत. त्याच्या दोनच वर्षं आधी, जून २००९ मध्ये, स्ट्रासबुर्गच्या मानवी हक्क कोर्टाने तुर्कस्तानातल्या नाहिदे ओपुझ यांच्या केसमध्ये निकाल दिला होता. ही केस वाचाच. नवरा वर्षानुवर्षं मारत होता, नाहिदे आणि त्यांची आई परत परत पोलिसांकडे जात होत्या, तो धमक्या देऊन तक्रारी मागे घ्यायला लावत होता आणि सरकार म्हणत होतं की तक्रार मागे घेतली ना, मग हा घरचा मामला. एकदा त्याने सात वेळा चाकू भोसकला तर कोर्टाने दंड केला, तो पण हप्त्याहप्त्याने भरायचा. शेवटी २००२ मध्ये आईने मुलीला घेऊन दुसऱ्या शहरात जायचं ठरवलं, सामान गाडीत भरून निघाल्या, आणि वाटेत त्याने गाडी अडवून आईला गोळी घातली. स्ट्रासबुर्गच्या कोर्टाने त्या निकालात पहिल्यांदाच म्हटलं की घरातल्या मारहाणीपासून बाईला वाचवायला सरकार हात वर करतं तेव्हा तो बायकांविरुद्धचा भेदभाव असतो.

करारात जे आहे ते याच अनुभवातून आलेलं आहे. हिंसा होऊ नये म्हणून शाळेपासून काम करा, झाली तर बाईला आसरा द्या, गुन्हेगाराला शिक्षा करा, आणि हे सगळं सरकार करतंय की नाही ते बघायला ग्रेव्हिओ नावाची तज्ज्ञांची समिती, जी प्रत्येक देशात येऊन तपासणी करते आणि जाहीर रिपोर्ट देते. दर दहा हजार लोकांमागे एका कुटुंबाला राहता येईल इतकी जागा शेल्टरमध्ये असावी इतक्या बारकाव्यात यांनी विचार केलाय. यात कुटुंब मोडणारं काय आहे ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

तरीही हा करार मोडला जातोय. तुर्कस्तान, ज्याने तो २०१२ मध्ये सगळ्यात आधी मंजूर केला, त्याच देशाने २० मार्च २०२१ च्या पहाटे राष्ट्राध्यक्षांच्या एका आदेशाने तो सोडला, संसदेत चर्चा नाही, मतदान नाही, आणि कारण दिलं की हा करार समलैंगिकता सामान्य ठरवायला वापरला जातोय. हंगेरीच्या संसदेने मे २०२० मध्ये, कोव्हिडच्या लॉकडाऊनमध्ये, जेव्हा जगभर बायका मारणाऱ्या नवऱ्यांबरोबर घरात कोंडल्या गेल्या होत्या, तेव्हा ठराव केला की आम्ही हा करार मंजूर करणार नाही. त्याच हंगेरीने २०१८ मध्ये जेंडर स्टडीजचे एमएचे कोर्स बंद केले होते. स्लोव्हाकियाच्या संसदेने २०२० मध्ये करार नाकारला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्यघटनाच बदलून स्त्री आणि पुरुष अशी दोनच लिंगं असतात असं लिहून घेतलं.

बल्गेरियाचं जरा सविस्तर सांगते. तिथल्या घटनात्मक कोर्टाने जुलै २०१८ मध्ये निकाल दिला की हा करार घटनेशी जुळत नाही, कारण त्यात स्त्री-पुरुषांच्या समाजाने ठरवलेल्या भूमिकांबद्दल लिहिलंय. झालं, सरकारने तिथेच सोडून दिलं. मग २०२३ च्या उन्हाळ्यात स्तारा झागोरा शहरात एका अठरा वर्षांच्या मुलीवर तिच्या आधीच्या बॉयफ्रेंडने कटरने वार केले, ४०० टाके पडले, आणि कोर्टाने त्या जखमा किरकोळ दुखापतीत धरून त्याला सोडून दिलं. लोक रस्त्यावर उतरले, सोफियात हजारोंनी, तेव्हा कुठे संसद सुट्टीतून परत आली आणि घरगुती हिंसेच्या कायद्यात लग्न न झालेल्या जोडप्यांचा समावेश केला. पण कसा, तर नातं स्त्री आणि पुरुषामधलंच हवं आणि किमान ६० दिवसांचं हवं. म्हणजे ५९ व्या दिवशी मार खाल्लेल्या मुलीने कुठे जायचं याचं उत्तर त्या कायद्यात नाही. ४०० टाके बघूनसुद्धा ज्यांना आधी हे मोजावंसं वाटतं त्यांच्या हातात आपण आपल्या मुलींची सुरक्षितता सोपवून बसलोय, हे मला झोप लागू देत नाही.

आणि आता लॅटव्हिया. रिगामध्ये आपली बरीच मुलं-मुली शिकायला जातात म्हणून हे तुम्हाला माहीत असायला हवं. लॅटव्हियाने करार नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केला, १ मे २०२४ ला लागू झाला, आणि पुरतं दीड वर्ष व्हायच्या आत, ३० ऑक्टोबर २०२५ ला, त्यांच्या संसदेने तेरा तासांच्या वर चर्चा करून ५६ विरुद्ध ३२ मतांनी बाहेर पडायचं ठरवलं. पंतप्रधान एविका सिलिन्या स्वतः याच्या विरोधात होत्या, पण त्यांच्याच आघाडीतला एक पक्ष विरोधकांना जाऊन मिळाला. राष्ट्राध्यक्ष एडगर्स रिंकेविच्स यांनी सही न करता कायदा परत पाठवला, संसदेने शेवटचा निर्णय नोव्हेंबर २०२६ पर्यंत पुढे ढकलला, म्हणजे ऑक्टोबर २०२६ च्या निवडणुकीनंतर, आणि रिगाच्या डोम चौकात नोव्हेंबरच्या थंडीत हजारो माणसं उभी राहिली. युरोपियन युनियनमधला एकही देश आजवर या करारातून बाहेर पडलेला नाही. खुद्द युनियनने जून २०२३ मध्ये तो मंजूर केलाय. आणि बाहेर पडायची भाषा करणारा हा देश कोणता, तर बायकांच्या खुनांचं प्रमाण युनियनमध्ये जिथे खूप जास्त आहे त्यातला एक.

आता आपल्या कलमाकडे येते, कलम ५९. त्यात म्हटलंय की ज्या बाईचा राहण्याचा परवाना नवऱ्यावर किंवा जोडीदारावर अवलंबून आहे, तिचं नातं हिंसेमुळे तुटलं तर तिला स्वतःचा वेगळा परवाना मिळाला पाहिजे. तिला देशाबाहेर काढायची कारवाई थांबवता आली पाहिजे. आणि जिला जबरदस्तीच्या लग्नासाठी दुसऱ्या देशात नेलं तिचा इथला हक्क गेला असेल तर तो परत मिळाला पाहिजे. हे वाचताना मला आपल्याच मुली दिसतात. पुण्यात किंवा नाशकात इंजिनीअर म्हणून नोकरी करत होती, लग्न झालं, नोकरी सोडली, नवऱ्याच्या व्हिसावर इथे आली, भाषा येत नाही, बँकेत खातं नवऱ्याचं, पासपोर्ट कपाटात आणि कपाटाची किल्ली नवऱ्याकडे, आणि पहिल्या भांडणात ऐकायला मिळतं की "तुझा व्हिसा माझ्या हातात आहे, उद्या परत पाठवीन". या वाक्यापुढे शिकलेली, बोलकी, हिमतीची मुलगी गप्प बसते, कारण परत जायचं म्हणजे आईवडिलांचं तोंड, नातेवाइकांची चर्चा, आणि मूल असेल तर ते कोणाकडे राहणार ही भीती. अशा मुली मला माहीत आहेत आणि तुम्हालाही माहीत आहेत, फक्त आपण त्यांच्याबद्दल "त्यांचं जरा बिनसलंय" असं म्हणतो.

आणि हे कलम नीट चाललेलंय असंही नाही. जर्मनीने करार मंजूर केला तेव्हा नेमकं या ५९ व्या कलमातल्या काही भागाला आम्ही बांधील नाही असं सांगून ठेवलं होतं, ते बंधन फेब्रुवारी २०२३ मध्ये सुटलं. आजही इथे साधा नियम असा की लग्नानंतर तीन वर्षं एकत्र राहिल्यावरच बायकोला स्वतंत्र परवाना मिळतो. मारहाण होत असेल तर त्या तीन वर्षांची अट सोडता येते, परवान्याच्या कायद्यातच ३१ व्या कलमात तशी सवलत आहे, पण ही गोष्ट किती जणींना माहीत असते? युकेने तर जुलै २०२२ मध्ये करार मंजूर करताना ५९ वं कलमच बाजूला ठेवलं. तिथे ब्रिटिश नागरिकाच्या किंवा कायम राहायला परवानगी असलेल्या माणसाच्या बायकोला निदान मार्ग आहे, पण नवरा स्किल्ड वर्कर व्हिसावर असेल, म्हणजे आपल्याकडची बहुतेक आयटीतली कुटुंबं, तर तिला थोड्या काळाची मदत आणि नंतर पुढे काय हा प्रश्न तसाच. म्हणून मी म्हणते की लॅटव्हियात काय होतं याच्याशी आपला संबंध आहे. एका देशाने करार सोडला की दुसऱ्याला सोडायची हिंमत येते, आणि ज्यांनी सोडला नाही ते सगळ्यात आधी कोणाचं कलम पातळ करतील, तर जिला तिथे मतदानाचा हक्क नाही तिचं.

"पण हे सगळं पूर्व युरोपात" असं एका काकांनी मला सांगितलं, आणि त्यांचं चुकतंय. २०२४ मध्ये युरोपियन युनियनने बायकांवरच्या हिंसेबद्दल पहिल्यांदा एक डायरेक्टिव्ह केलं, म्हणजे सगळ्या सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम, त्याच्या मसुद्यात बलात्काराची व्याख्या संमतीवर होती, आणि ती काढून टाकायला लावणाऱ्या देशांत फ्रान्स आणि जर्मनी होते. फ्रान्सने पुढे २०२५ मध्ये स्वतःच्या कायद्यात संमती आणली, पण डायरेक्टिव्हमधून ती गेली ती गेलीच. जर्मनीत लग्नातला बलात्कार गुन्हा झाला १९९७ मध्ये, आणि तेव्हा १३८ खासदारांनी विरोधात मत दिलं, त्यात आजचे चॅन्सेलर फ्रीडरिश मेर्झ होते. १९७७ पर्यंत पश्चिम जर्मनीच्या कायद्यात लिहिलेलं होतं की घरच्या जबाबदाऱ्या सांभाळून जमत असेल तरच बायकोने नोकरी करावी. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ ला, आणि आपेन्झेल इनररोडन नावाच्या कँटनमध्ये तर १९९० ला, ते पण कोर्टाने सांगितलं म्हणून. आपल्याला वाटतं इथे बायका आधीपासूनच मोकळ्या आहेत. नाहीयेत. माझ्या ऑफिसमधल्या साठीच्या सहकारी बायकांच्या आयांना हे हक्क नव्हते, आणि जे इतक्यात मिळालंय ते काढून घ्यायला फार वेळ लागत नाही. शेल्टरचंच बघा. जर्मनीत मार खाणाऱ्या बाईला आसरा मिळण्याचा कायदेशीर हक्क देणारा कायदा फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला, आणि तो हक्क प्रत्यक्षात लागू होणार २०३२ पासून.

पोलंडचं मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण तिथून सरळ रस्ता बेळगावला जातो. २२ ऑक्टोबर २०२० ला पोलंडच्या घटनात्मक न्यायाधिकरणाने गर्भात गंभीर व्यंग असलं तरी गर्भपात करता येणार नाही असा निकाल दिला. तेव्हा लाखो बायका लाल विजेचं चिन्ह घेऊन रस्त्यावर आल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये प्श्चिना गावातली ३० वर्षांची बाई, २२ आठवड्यांची गरोदर, पाणी गेलेलं, हॉस्पिटलमध्ये पडून राहिली. गर्भाचे ठोके थांबायची वाट बघत डॉक्टर थांबले, आणि ती सेप्सिसने, म्हणजे अंगभर पसरलेल्या जंतुसंसर्गाने गेली. तिने त्या दिवसात आईला मेसेज करून सांगितलं होतं की कायद्यामुळे हे लोक काही करू शकत नाहीयेत. हे वाचलं तेव्हा मला सविता हलप्पनवार आठवली. बेळगावची मुलगी, डेंटिस्ट, ३१ वर्षांची, आयर्लंडमध्ये गॉलवेला राहणारी, १७ आठवड्यांची गरोदर, गर्भ वाचणार नाही हे डॉक्टरांनीच सांगितलेलं, तरी ठोके आहेत तोवर गर्भपात नाही, आणि २८ ऑक्टोबर २०१२ ला सेप्सिसने मृत्यू. नंतर चौकशीत एका नर्सने कबूल केलं की हो, हा कॅथलिक देश आहे असं मी तिला म्हटलं होतं. सविता हिंदू होती, ना त्या देशाची, ना त्या धर्माची, आणि त्या देशाच्या धर्माचा कायदा तिच्या अंगावर लागू झाला. "हे त्यांचं राजकारण" म्हणणाऱ्या प्रत्येकाने एकदा हे वाक्य सविताच्या आईवडिलांसमोर म्हणता येईल का ते मनाशी बघावं.

आयर्लंडने निदान ते नाव विसरू दिलं नाही. मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी गर्भपाताला मनाई करणारा घटनेतला तो जुना भाग काढून टाकायला मत दिलं, त्या दिवसात डब्लिनमध्ये भिंतीवर सविताचं मोठं चित्र होतं आणि लोक येऊन त्याच्यावर चिठ्ठ्या चिकटवून जात होते, सॉरी म्हणणाऱ्या, आम्ही तुझ्यासाठी मत दिलं म्हणणाऱ्या. बेळगावच्या आपल्या मुलीचं नाव एका परक्या देशाने कायदा बदलताना घेतलं, आणि आपल्या मंडळांच्या कार्यक्रमात ते मी एकदाही ऐकलेलं नाही.

आता त्या फॉरवर्डबद्दल, कारण अ‍ॅडमिन लोकांना माझी मुख्य विनंती तिथेच आहे. "बायकांना हक्क दिले म्हणून युरोपात मुलं जन्माला येणं बंद झालं" हा मुद्दा आकड्यावर टिकत नाही. पोलंडने युरोपातला जवळजवळ सगळ्यात कडक कायदा केला आणि तिथला जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुलं, २०२४ मध्ये १.१ च्या आसपास आला, युरोपातल्या सगळ्यात कमी दरांपैकी एक. फ्रान्सने मार्च २०२४ मध्ये गर्भपाताचं स्वातंत्र्य राज्यघटनेत घातलं, ७८० विरुद्ध ७२ मतांनी, आणि फ्रान्सचा दर पोलंडपेक्षा बराच वर आहे. गरोदर राहिलं तर मरू शकतो अशी भीती वाटत असेल तर कोण मूल होऊ देईल, हे साधं आहे.

आणि हे व्हिडिओ आपोआप येत नाहीत. मार्च २०१९ मध्ये इटलीत व्हेरोनाला वर्ल्ड काँग्रेस ऑफ फॅमिलीज, म्हणजे पारंपरिक कुटुंबाचा पुरस्कार करणाऱ्या संघटनांची परिषद, भरली होती, तिथे इटलीचे तेव्हाचे उपपंतप्रधान साल्विनी भाषणाला होते. पोलंडमधल्या ऑर्डो यूरिस या वकिलांच्या संस्थेने इस्तंबूल कराराऐवजी कुटुंबाच्या हक्कांचा वेगळा करार आणायची मोहीम चालवली. वकील, पैसा, खासदार आणि नेटवर्क असलेली ही संघटित माणसं आहेत, आणि त्यांनी बनवलेला माल आपले दादा-काका "विचार करायला लावणारं" लिहून सकाळी सात वाजता पुढे पाठवतात. याच लोकांचे मतदार आपल्याबद्दल काय म्हणतात ते पण बघा ना. जुलै २०२५ मध्ये डब्लिनच्या टाला भागात एका भारतीय माणसाला जमावाने मारलं, कपडे काढले, आणि लहान मुलांशी गैरवर्तन केल्याची खोटी अफवा त्याच्याबद्दल पसरवली. त्यानंतर हल्ले इतके झाले की भारतीय दूतावासाने सावध राहायला सांगितलं आणि ऑगस्टमधला इंडिया डे पुढे ढकलावा लागला. बायकांची सुरक्षितता हे नाव घेऊन आपल्या पुरुषांना झोडपायचं आणि बायकांच्या सुरक्षिततेचा करार मात्र फाडायचा, हे दोन्ही एकाच तोंडाने बोललं जातंय, आणि आपण त्यातला एकच भाग ऐकतोय.

आपल्याला हा वाद नवीन नाहीये खरं तर. मुंबईत १८८४ मध्ये दादाजी भिकाजीने रखमाबाईंवर केस केली की ही माझी बायको, लहानपणी लग्न झालंय, माझ्याकडे नांदायला पाठवा. पहिल्या निकालात न्यायमूर्ती पिन्ही रखमाबाईंच्या बाजूने उभे राहिले तेव्हा केवढा गहजब झाला होता, धर्मात इंग्रजांची ढवळाढवळ, आमची घरं मोडतील, आमच्या बायका बिघडतील. १८८७ मध्ये कोर्टाने नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा असं सांगितलं, आणि रखमाबाई म्हणाल्या की तुरुंगात जाईन. मग तडजोड झाली, त्या लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी, जो दहाचं वय बारा करा एवढंच म्हणत होता, टिळकांसारख्या माणसाने सुद्धा सरकारी कायद्याला कडाडून विरोध केला. परकीय सरकार होतं, तो राग मी समजू शकते. पण तेव्हाची वाक्यं आणि रिगाच्या संसदेतली वाक्यं शेजारी ठेवली तर सारखीच आहेत, बाहेरच्यांनी शिकवू नये, आमचा कायदा पुरेसा आहे, कुटुंब वाचवा. एकशे तीस-चाळीस वर्षांपूर्वी आपल्याकडे जी बाजू चुकीची ठरली ती इथे युरोपियन भाषेत परत ऐकून आपण मान डोलवावी याचं मला फार वाईट वाटतं.

हे सगळं थांबवता येत नाही असं मात्र नाही. पोलंडमध्ये ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत ७४ टक्क्यांवर मतदान झालं, तरुण मुली रात्री उशिरापर्यंत रांगेत उभ्या राहिल्या, आणि करारातून बाहेर पडायची भाषा करणारं सरकार गेलं. नव्या सरकारने जानेवारी २०२४ मध्ये आधीच्या सरकारने घटनात्मक न्यायाधिकरणात केलेला करारविरोधी अर्ज मागे घेतला. गर्भपाताचा कायदा अजून बदललेला नाही, जुलै २०२४ मध्ये एक छोटी सुधारणा तीन मतांनी पडली, पण दार निदान पूर्ण बंद झालं नाही.

म्हणून मंडळांकडे माझं मागणं आहे, आणि मी ते हक्काने मागतेय कारण वर्गणी मीपण भरते.

युकेतल्या मंडळांनो, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहीतच नाही की भारतीय पासपोर्ट असला तरी कॉमनवेल्थचे नागरिक म्हणून तुम्हाला तिथे मत देता येतं, पार्लमेंटच्या निवडणुकीतसुद्धा. दिवाळीच्या कार्यक्रमात मतदार नोंदणीचं एक टेबल लावा, आणि खासदाराला भेटाल तेव्हा ५९ व्या कलमाबद्दल विचारा, की ते बाजूला का ठेवलंय. आयर्लंडमध्ये लोकल निवडणुकीत तिथे राहणारा कोणीही मत देऊ शकतो, नेदरलँड्समध्ये पाच वर्षांनी लोकल मत मिळतं. जर्मनीत ज्यांनी नागरिकत्व घेतलंय त्यांनी घरी बसू नका.

गणपतीच्या हॉलमध्ये लेडीज टॉयलेटच्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथे नवरा बघू शकत नाही, तिथे हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठीच्या हेल्पलाइनच्या नंबरांचा एक कागद लावा. जर्मनीत ११६०१६, इटलीत १५२२, स्पेनमध्ये ०१६, युकेत ०८०८ २००० २४७. त्याखाली मराठीत दोन ओळी, की तुझा परवाना नवऱ्याच्या हातात नाही, मारहाण होत असेल तर कायद्यात वाट आहे, आधी वकिलाशी किंवा सल्ला केंद्राशी बोल.

आणि कार्यकारिणीतल्या मोठ्यांना, हात जोडून. एखादी मुलगी रडत तुमच्याकडे आली तर दोघांना समोर बसवून "मिटवून टाका" म्हणू नका. तुमचा हेतू चांगला असतो हे मला माहीत आहे, पण मारणाऱ्या माणसाच्या समोर बसून कोणतीही मुलगी खरं बोलत नाही, आणि घरी गेल्यावर त्या बैठकीची किंमत तीच मोजते. करार लिहिणाऱ्यांना हे ठाऊक होतं, म्हणून ४८ व्या कलमात अशा केसमध्ये सक्तीची मध्यस्थी लादायला मनाईच केलीये. तिला नंबर द्या, एक रात्र राहायला जागा द्या, पासपोर्टची कॉपी जपून ठेवायला मदत करा, आणि तिच्या सासरच्यांना फोन करू नका.

अ‍ॅडमिन मंडळींनी ते व्हिडिओ आले की डिलीट करावेत, आणि टाकणाऱ्याला वैयक्तिक मेसेज करून कारण सांगावं, ग्रुपवर तमाशा नको. लॅटव्हियात ओळखीचे विद्यार्थी असतील त्यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचवा, ऑक्टोबर २०२६ च्या निवडणुकीत त्यांना मत नाही, पण त्यांच्या वर्गातल्या लॅटव्हियन मित्रमैत्रिणींना आहे.

टॉयलेटच्या दारावर लावायच्या कागदाचा मजकूर मी मराठीत आणि जर्मनमध्ये तयार केलाय. इंग्रजी, इटालियन, डच, पोलिश जमणाऱ्यांनी मदत करा, आणि ज्या मंडळाला हवाय त्यांनी आपल्या सेक्रेटरीमार्फत आमच्या मंडळाकडे मागा, प्रिंटसाठी फाइल त्याच आठवड्यात पाठवते.

आपली,
जर्मनीतल्या एका मराठी मंडळाची सभासद